खानदेशात पोरांना फोटोग्राफी शिकवायची आहे : कुठे न्यावं, काय शिकवावं?

रानवाटा_जळगाव
मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत सहावी ते नववीच्या १२ पोरांसाठी फोटोग्राफीचं पाच दिवसांचं शिबिर ठरवतोय. जळगावातलीच पोरं. कॅमेरे चार, जुने एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचे, १८-५५ मिमीच्या झूम लेन्सवाले. बाकी पोरं घरचा मोबाईल आणतील.
कच्चा आराखडा असा: पहिला दिवस मनुदेवी, दुसरा पाल, तिसरा पाटणादेवी आणि पितळखोरे, चौथा अजिंठा, पाचवा तोरणमाळ. क्रूझर ठरवायची. रोज सकाळी सातला निघायचं, दिवेलागणीला परत.
दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जागा बरोबर आहेत का? आणि अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ (लेन्सचं भोक किती मोठं, ते किती वेळ उघडं, सेन्सर उजेडाला किती तिखट) हे कोणत्या दिवशी शिकवायचं?

गिरणाकाठचा
दादा, हे शिबिर फोटोग्राफीचं नाही, क्रूझरच्या ड्रायव्हरचं आहे.
नोव्हेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाच्या पुढेमागे मावळतो. त्यात पोरांना काही शिकवण्यासारखा तिरपा उजेड सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी सव्वाचारनंतर. सातला निघालात तर पहिला उजेड गाडीच्या काचेतून जाणार आणि परतीच्या घाईत दुसराही. हातात उरते दुपार. चेहऱ्यावर नाकाची सावली, डोळ्यांच्या जागी काळे खड्डे, आभाळ पांढरं.
तोरणमाळ तर जळगावहून एका बाजूचा पाच तासांचा रस्ता. एका दिवसात जाऊन-येऊन फोटो फक्त घाटात ओकणाऱ्या पोरांचे मिळतील.
माझं मत: तासाभराच्या आतली एकच जागा निवडा आणि तिथे दोनदा जा. पहिल्या दिवशी संध्याकाळी, नंतर एका सकाळी. तोच दगड, तेच झाड, उजेड वेगळा. पोरांना जे कळायला हवं ते एवढ्यातच कळतं.

भरीतभाकर
फोटो मंग काढजात, पहिले भरीत कोठे भेटस ते सांगा.

सुलभा_मास्तरीण
गिरणाकाठचा यांच्याशी सहमत, आणि पहिल्या दिवशी बाहेर जाऊच नका. शाळेची एक खोली मागून घ्या आणि अख्खी खोलीच कॅमेरा करा.
खोली अशी निवडा की खिडकीसमोर उन्हात न्हालेलं काहीतरी असेल: रंगवलेली भिंत, झाड, रस्ता. समोरची आतली भिंत पांढरी आणि खिडकीपासून चार मीटरच्या आत असावी. खिडकीवर काळा कार्डशीट, कडांना काळी चिकटपट्टी. दाराच्या खालच्या फटीत जुनं गोणपाट कोंबा. कार्डशीटच्या मधोमध सव्वा सेंटिमीटरचं गोल भोक. दिवे बंद करून पोरांना दहा मिनिटं शांत बसवा, कारण डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच. मग भिंतीवर रस्ता उलटा दिसू लागतो, सायकलवाला डोक्यावर चालतो.
चित्र दिसलं नाही तर कारणं ठरलेली आहेत. एक, कुठूनतरी उजेड गळतोय (बहुतेक वेळा दाराच्या वरची झडप). दोन, बाहेर ढग. ऊन नसेल तर हा प्रयोग करू नये. तीन, भोक कुणीतरी उत्साहाने मोठं केलंय.
दिसलं की मग भोक अर्ध्यावर आणा. चित्र जास्त रेखीव होतं पण अंधुकही होतं. झालं तुमचं अ‍ॅपर्चर. शेवटी चष्म्याच्या दुकानातून आणलेली +१ नंबरची गोल काच भोकावर धरा आणि काचेपासून एक मीटरवर पांढरा पुठ्ठा. दूरचं चित्र पुठ्ठ्यावर एकदम लख्ख उमटतं. पुठ्ठा पुढेमागे केला की धूसर होतं. झाला फोकस. पाटीवर एक अक्षर लिहावं लागत नाही.

चिकित्सक_नाना
ताई, प्रयोग छान आहे, पण ही पोरं रीलच्या जमान्यातली. दहा मिनिटं अंधारात शांत बसतील हे गृहीतच धरू नका. सरळ कॅमेरा हातात द्या, मॅन्युअल मोडवर (सगळं हाताने ठरवायचं) टाका आणि चुकू द्या. अंधारी खोली, काडेपेटीचा कॅमेरा वगैरे विज्ञान प्रदर्शनाला ठीक.

सुलभा_मास्तरीण
नाना, अंधारात पोरं शांत बसत नाहीत हे खरं. म्हणून तर बाहेर उन्हात दोघांना नाचायला उभं करायचं. आतल्यांचं लक्ष भिंतीवरून हलत नाही. पाच मिनिटांनी पाळी बदलायची.

जुना_रोल
नानांचं अर्धं बरोबर. चुकू द्यायला हवंच, पण पहिल्याच दिवशी तिन्ही गोष्टी मोकळ्या सोडल्या तर नेमकं काय चुकलं ते पोराला कळत नाही. दोन गोष्टी बांधून ठेवा, एक सोडा.
कॅमेऱ्यांसाठी: जेपीजी मोठा आकार, आयएसओ २०० वर पक्का, व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा पिवळा-निळा तोल, 'सूर्यप्रकाश' वर पक्का (ऑटो ठेवला तर सकाळचा पिवळेपणा कॅमेराच काढून टाकतो आणि पोरं विचारतात, उजेड कुठे गेला?). अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, एफ/८ (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान). शटर कॅमेरा ठरवेल. लेन्स ५५ वर असताना शटर १/१२५ सेकंदापेक्षा मंद झालं की पोरांच्या हातात फोटो हलतोच, म्हणून कोपरं बरगड्यांना टेकवायची, श्वास सोडून बटण दाबायचं. सावलीत १/१२५ मिळेना तर आयएसओ ८००.
स्क्रीनवर फोटो लगेच दिसणं मेनूतून बंद करा. ही एक गोष्ट केली तरी निम्मं शिबिर यशस्वी. नाहीतर प्रत्येक फोटोनंतर बारा डोकी एका स्क्रीनवर, आणि समोरचा बगळा उडालेला.
दिवसाला प्रत्येकी २४ फोटो, एकही जास्त नाही. पूर्वी ३६ चा रोल असायचा आणि लोक तो लग्न-मुंजीपर्यंत पुरवायचे. मोजायला वहीत २४ चौकटी काढून द्या, फोटो काढला की फुली. कॅमेऱ्यातून फोटो पुसायची मनाई. फसलेला फोटोच संध्याकाळी शिकवायला कामाला येतो.
मॅन्युअल मोड तिसऱ्या दिवशी. तेव्हा भर उन्हाचा जुना नियम सांगा: एफ/१६ आणि शटर आयएसओइतकं. म्हणजे आयएसओ १०० ला १/१००, २०० ला १/२००. पातळ ढग आले की एफ/११, ढगाळ असेल तर एफ/८, मोकळ्या सावलीत एफ/४. आपल्या आभाळाला हा नियम फिट बसतो. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरकडे न बघता उजेड ओळखायची सवय लागते.

रानवाटा_जळगाव
सगळ्यांचे आभार, वहीत उतरवतोय. जुना_रोल काका, चार कॅमेरे आणि बारा पोरं हे गणित कसं सोडवू? मोबाईलवाल्या पोरांना कमीपणा वाटेल ही भीती आहे.

जुना_रोल
तिघांची एक टोळी, टोळीला एक कॅमेरा, एक मोबाईल. एक जण कॅमेऱ्यावर, एक मोबाईलवर, तिसरा मदतनीस: पांढरा पुठ्ठा धरून सावलीत उजेड फेकणं, वहीत फुली मारणं, मागून येणाऱ्या ट्रॅक्टरकडे लक्ष ठेवणं. अर्ध्या तासाने पाळी. तिन्ही कामं प्रत्येकाला.
पट्टा गळ्यात, हातात नाही. शेतरस्त्यावर लेन्स बदलायची नाही. आपली काळी माती एकदा सेन्सरवर बसली की फुंकून निघत नाही. तोंडाने तर फुंकूच नका, थुंकीचे ठिपके बसतात.

निळा_खंड्या
मोबाईलबद्दल.
पहिलं काम, मागच्या काचेवरचा तेलकट हात सुती कपड्याने पुसणं. निम्म्या 'धुक्यातल्या' फोटोंचं कारण ते बोट असतं. दुसरं, सौंदर्य-फिल्टर बंद. तिसरं, दोन बोटांनी झूम बंद, कारण बहुतेक फोनमध्ये तो नुसता कापलेला तुकडा असतो. पायाने पुढे जायचं. चौथं, स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड पक्का होतो, मग शेजारच्या सूर्याच्या खुणेने कमीजास्त करता येतो. मोबाईलवर शिकवायला एवढं पुष्कळ.
आणि उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर कुणाचाही फोन ठेवू देऊ नका. फोन बनवणाऱ्या कंपन्या बहुधा ३५ अंशांपर्यंतचीच हमी देतात, कॅमेऱ्यांची ४० पर्यंत. बंद गाडी नोव्हेंबरातही त्याच्या वर जाते. मेमध्ये शिबिर ठेवायचा विचार कुणी करत असेल तर विसरा. भुसावळचं ४५ माणसाला सोसत नाही, तर बॅटरीचं काय घेऊन बसलात. शिवाय मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर, खांबाची सावली खांबाखाली. फोटोत खोली उरतच नाही.
जागेचं म्हणाल तर हतनूर घ्या. तापीवरचं धरण, भुसावळहून जवळ, नोव्हेंबरपासून पाहुणे पक्षी उतरायला लागतात. चक्रवाक, थापट्या, आपल्याकडचे हळदीकुंकू बदक, वारकरी, शेकाट्या. १८-५५ ने पक्षी ठिपक्याएवढाच येणार हे पोरांना आधीच सांगा, म्हणजे हिरमोड नाही. पाणी, थवा आणि काठावरचा माणूस अशी चौकट शिकवा. जवळून हवाच असेल तर ८×४० ची दुर्बीण दगडावर टेकवून तिच्या एका डोळ्याला मोबाईलची लेन्स चिकटवायची. भोवती काळं वर्तुळ आलं की फोन मिलिमीटरभर मागेपुढे. पाच-सहा प्रयत्नांत जमतं.
सूर्य पाठीशी घ्यायचा, रंगीत भडक कपडे नकोत, आणि थव्याकडे धावायचं नाही. पक्षी उडवून फोटो काढणं हे शिकवण्यात बसत नाही. घरटं दिसलं तर तिथून निघायचं.

भरीतभाकर
हतनूरहून परत येताना भुसावळ रस्त्याला... बरं, राहिलं. तुम्ही लोक जेवत नाही वाटतं.

पश्चिमखानदेश
आमना धुयाले कोनी इचारत नही! खानदेश म्हणजे फक्त जळगाव का हो?
लळिंगचा किल्ला घ्या. धुळ्याच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा रस्त्यालाच. सकाळी सहाला पायथ्याशी, सूर्य वर येईपर्यंत पोरं माथ्यावर. महामार्गावरचे ट्रक खाली रांगेत दिसतात, लांबवरची रेघ, जवळची तटबंदी: पुढचं-मधलं-मागचं शिकवायला याहून सोपी जागा नाही. उतरताना घसरतं, चपला नकोत.
तोरणमाळ एका दिवसात नकोच, गिरणाकाठचा बरोबर बोलले. पण टाकूही नका. वेगळी दोन मुक्कामांची सहल करा, शहाद्याहून वर. पावसाळ्यात गेलात तर धुकं. धुक्यात कॅमेरा फसतो, सगळं राखाडी करतो, म्हणून एक्स्पोजर +०.७ ते +१ (फोटो मुद्दाम उजळ, वजा केलं की गडद). सीताखाईच्या कड्यावर पोरांना बसवूनच फोटो काढू द्या, उभं राहून नाही. यशवंत तलावावर वारा पडलेला असतो तो सूर्य उगवायच्या आधी, प्रतिबिंब तेव्हाच.
आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार. पळत्या घोड्याबरोबर कॅमेरा फिरवायचा, शटर १/३० ते १/६०. कंबरेतून वळायचं, मनगटातून नाही. घोडा समोरून जाताना बटण दाबायचं आणि दाबल्यावरही फिरणं थांबवायचं नाही. तिथेच सगळे चुकतात, क्लिक झालं की हात गोठतो. घोड्याच्या मागे उभं राहायचं नाही, फ्लॅश नाही. धूळ इतकी की कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधा, लेन्सपुरतं भोक पाडून रबरबँड लावा.

चिकित्सक_नाना
अजिंठ्याबद्दल, कारण आराखड्यात आहे. सोमवारी बंद असतं. गाडी फर्दापूरच्या फाट्यावर सोडून पुढे बसने जावं लागतं, तो वेळ धरा. पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, पण वयाचा दाखला बरोबर असू द्या. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही आणि चालवूही नये. तिपाई परवानगीशिवाय नाही. ड्रोन तर विसराच, अभयारण्यातही आणि संरक्षित स्मारकांवरही.
आत अंधार. १८ वर एफ/३.५, आयएसओ १६००, शटर १/१५ च्या आसपास येईल. खांबाला पाठ टेकून तीन फोटो लागोपाठ घ्यायचे, मधला बहुतेक वेळा स्थिर निघतो. पण खरं सांगायचं तर १२ पोरांना रंगीत चित्रांचे अंधुक फोटो काढायला नेण्यात अर्थ नाही. नेलंत तर उजेड कुठून येतो आणि मूर्तीच्या गालावर कसा पडतो एवढंच बघायला न्या, तेही दारातल्या मूर्ती.
पितळखोरे आणि अजिंठा दोन्हीकडे कड्यांना आग्या मोहोळ असतं. अत्तर लावून नको, धूर नको, आरडाओरडा नको. मोहोळ उठलंच तर कॅमेरा सोडून तोंड झाकून पळायचं. हे पोरांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर कॅमेरा वाचवायला थांबतील.

जुना_रोल
अजिंठ्याचा विषय निघालाच आहे तर रॉबर्ट गिल. ब्रिटिश लष्करातला माणूस, १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला रंगवायला लागला. त्यातल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत जळाल्या. पण तो कॅमेराही चालवायचा, आणि त्याने लेण्यांचे जोडफोटो काढले, दोन डोळ्यांनी बघायचे, खोली दिसणारे. १८७९ मध्ये गेला. थडगं आपल्या भुसावळात आहे, आणि भुसावळच्या पोरांना ते माहीत नसतं.
जोडफोटो पोरांना आजही करता येतात, मोबाईलवर. विषय दोन मीटरपेक्षा जवळ नको. आधी दोन्ही पायांवर वजन सारखं. एक फोटो वजन डाव्या पायावर टाकून, दुसरा उजव्या पायावर टाकून. दोहोंत फोन साडेसहा सेंटिमीटर सरकायला हवा, म्हणजे दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा. फोन तिरका करायचा नाही, समोर हलणारं काही नको (पानं हलली की गेला). दोन्ही फोटो प्रत्येकी सहा सेंटिमीटर रुंद छापून शेजारी चिकटवा, डावा डावीकडे. मधे नाकापासून कागदापर्यंत एक पोस्टकार्ड उभं धरलं की प्रत्येक डोळा आपापला फोटो बघतो आणि दगड पुढे येतो. डावा-उजवा उलटा चिकटवला तर खड्डा उंचवटा दिसतो. तेही पोरांना आवडतं.

सुलभा_मास्तरीण
गिल आठवला तर केकी मूस कसे विसरलात? चाळीसगावचे, १९१२ ते १९८९. जन्मभरातला बराचसा काळ स्टेशनजवळच्या बंगल्यातच राहिले आणि घरातल्या वस्तूंचे टेबलटॉप फोटो काढून जगभर नाव केलं. आज तिथे त्यांचं कलादालन आहे. पाटणादेवीला जाणारच असाल तर चाळीसगाव वाटेतच, तास-दीड तास तिथे द्या. निसर्गस्थळं फिरल्याशिवाय फोटोग्राफी होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी तर नक्कीच.
त्यावरून दुपारचा उद्योग. दुपारी बाहेर उजेड निरुपयोगी, तेव्हा पोरं आत. उत्तरेकडच्या खिडकीला टेबल चिकटवा. मागे काळं घोंगडं किंवा खाकी कागद, तो वाकवून टेबलावर पुढे ओढा म्हणजे भिंत आणि टेबलाची रेघ दिसत नाही. वर दोन वांगी, लसणाची गड्डी, पितळी तांब्या. खिडकी डावीकडे. उजव्या बाजूला पांढरा पुठ्ठा जवळ आणला की सावली उजळते, लांब नेला की गडद होते. पितळेत फोटो काढणाऱ्याचं तोंड दिसतं, तेव्हा काळा टी-शर्ट घाला. आयएसओ ४००, एफ/८, शटर बहुतेक १/८ च्या खाली येईल, म्हणून कॅमेरा टेकवायला हवा आणि बटणाऐवजी दोन सेकंदांचा टायमर.

गिरणाकाठचा
टेकवायला तिपाई विकत घ्यायची गरज नाही. जुन्या जीन्सचा गुडघ्याखालचा पाय कापा, एक टोक शिवा, दीड किलो ज्वारी भरा, दुसरं टोक शिवा. पूर्ण ठासून भरू नका, दोन तृतीयांशच, नाहीतर कॅमेरा रुतत नाही, गडगडतो. खडकावर, क्रूझरच्या खिडकीत, बैलगाडीच्या दांड्यावर कुठेही बसते. पावसाळ्यात ओली झाली की ज्वारीला मोड येतात, उन्हात वाळवा.

भरीतभाकर
वांगी आली का टेबलावर? मग फोटो झाल्यावर ती काड्यांवर भाजा. सुलभाताई, बामणोदची वांगी घ्या, हिरवी-पांढरी, फोटोतही उठून दिसतात. आणि आता मी खरंच फोटोचं बोलतो: भरीत भाजतानाचा फोटो भर उन्हात काढू नका, ज्वाळा दिसत नाही. सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटं आभाळ निळं असतं आणि आग केशरी, दोन्ही फोटोत येतात. धूर हवा असेल तर तो सूर्य आणि तुमच्या मधे आणा, मागून उजेड आला तरच धूर दिसतो. फ्लॅश मारलात तर धुराऐवजी पांढरी भिंत.

चिकित्सक_नाना
भरीतभाकर, या धाग्यावरचा सगळ्यात उपयोगी प्रतिसाद तुमचा असेल असं वाटलं नव्हतं.

धुळेकरीण
काळा-पांढरा घोळ कुणी सांगितला नाही म्हणून. कॅमेऱ्याचं मीटर समोर जे येईल ते मधल्या करड्या रंगाचं धरतं. चांगदेवच्या मंदिराचा काळा दगड पूर्ण चौकटीत घेतला तर तो राखाडी होतो, म्हणून -०.७. फुटलेल्या कापसाचं शेत घेतलं तर पांढरा कापूस मळकट येतो, म्हणून +०.७. केळीच्या बागेत आत शिरलात तर चेहरे हिरवे, कारण उजेड पानांतून गाळून येतो. माणसाला बांधावर आणा, किंवा पांढरा गमछा धरून बाहेरचं ऊन आत फेका. केळीचा चीक कपड्यावर आणि पट्ट्यावर पडला की डाग कायमचा, हे पालकांना आधी सांगा.
एक दिवस कॅमेऱ्याशिवायही ठेवा: सायनोटाइप, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने निळा छाप उमटवणं. फेरिक अमोनियम सायट्रेट, हिरवं, २५ ग्रॅम १०० मिली पाण्यात. पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम १०० मिली पाण्यात. वेगळ्या बाटल्या, काळ्या कागदात गुंडाळून. वापरताना समभाग मिसळा, बल्बच्या मंद उजेडात जाड ड्रॉइंग कागदावर स्पंजने पातळ हात द्या, अंधारात वाळवा. वर कडुनिंबाची डहाळी, वर काच, आणि उन्हात. नोव्हेंबरच्या दुपारी आठ-दहा मिनिटं, उन्हाळ्यात निम्मी. कागद पिवळट हिरव्याचा राखाडी झाला की उचला, पाण्यात धुवा, पिवळं पाणी निघणं थांबेपर्यंत. निळा रंग पूर्ण चढायला एक दिवस लागतो.
बिघडतं ते दोन कारणांनी. कागद ओलसर असताना उन्हात ठेवला तर डाग. बोअरच्या जड, क्षारी पाण्यात धुतला तर निळा फिका पडतो, फिल्टरचं पाणी घ्या. रसायनं मोठ्यांनीच मिसळायची, हातमोजे घालून. फेरीसायनाइड तीव्र आम्लाजवळ अजिबात नेऊ नका, विषारी वायू निघतो.

निळा_खंड्या
परवानग्या राहिल्या. पाल यावल अभयारण्यात, पाटणादेवी गौताळा-औट्रमघाटात, तेव्हा वनखात्याच्या कार्यालयात आधी पत्र द्या: पोरांची यादी, वेळ, सोबतचे मोठे किती. सहा पोरांमागे एक मोठा माणूस तरी. मनुदेवीच्या ओढ्यात पाऊस वर डोंगरात पडला तरी खाली पाणी एकाएकी वाढतं. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहू लागला की उठायचं, फोटो अर्धा राहिला तरी.
पालकांचं लेखी संमतिपत्र घ्या. पोरांचे फोटो टाकताना नाव आणि शाळा नको, फोनमधलं ठिकाण-नोंद आधीच बंद. आणि पाड्यावर गेलात तर आधी बोलणं, मग विचारणं, मग कॅमेरा. नाही म्हटलं की नाही. फोटो काढला तर छापून पाठवायचा, तसा शब्द दिला असेल तर विसरायचं नाही. पावरा, भिल, तडवी बायकांच्या दागिन्यांचे फोटो काढून निघून जाणारे पुष्कळ आहेत, त्यांत आपल्या पोरांची भर नको.

पश्चिमखानदेश
+१. नंदुरबारकडच्या काठी गावच्या होळीला दरवर्षी हेच दिसतं, नाचणाऱ्याच्या तोंडासमोर लेन्स.

रानवाटा_जळगाव
सगळं वाचून आराखडा पार बदलला.
पहिला दिवस शाळेत, अंधारी खोली, दुपारी वांगी-तांब्या टेबलावर. दुसरा दिवस दुपारी निघून चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमाजवळ, संध्याकाळचा उजेड. तिसरा, पहाटे पाचला निघून हतनूर, परत येऊन दुपारी सायनोटाइप. चौथा, पुन्हा चांगदेव, या वेळी सकाळी, मॅन्युअलवर. पाचवा निवड आणि छपाई. अजिंठा, तोरणमाळ, सारंगखेडा वेगळे. लळिंग धुळ्याच्या पोरांसाठी, तिथल्या कुणाला करायचं असेल तर कॅमेरे देतो.
निवड कशी करायची? चार दिवसांत प्रत्येकी ९६ फोटो झाले.

जुना_रोल
तिसऱ्या दिवशी दुपार सायनोटाइपची, म्हणजे ७२ च्या वर जाणार नाहीत. पहिल्या दिवशी तर टेबलावर टोळीला दहा पुरेत. त्यातून प्रत्येकाने स्वतः दहा काढायचे, मग टोळीतल्या दुसऱ्याने त्यातले तीन. शिक्षकाने निवडायचं नाही. क्रमांक, बक्षीस काही नको, नाहीतर पाचव्या दिवशी सगळे पहिल्या नंबरच्या फोटोची नक्कल करतात.

चिकित्सक_नाना
बक्षीस नको याला विरोध. खानदेशातल्या पोराला ट्रॉफी दिली नाही तर बाप विचारतो, मग पाच दिवस केलं काय?

सुलभा_मास्तरीण
बापाला प्रदर्शनाला बोलवा. वरांड्यात सुतळी, कपड्याचे चिमटे, फोटो पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर, साडेचार फुटांवर. प्रत्येक फोटोखाली किती वाजता, कुठल्या बाजूने उजेड, एवढंच पोराच्या अक्षरात.

गिरणाकाठचा
छपाईचं एक लक्षात ठेवा. ४×६ कागद ३:२ च्या प्रमाणात, मोबाईलचा फोटो ४:३. लॅबवाला न विचारता आडव्या फोटोची वर-खाली मिळून नववा भाग उंची कापतो. तिथे नेमकी डोकी असतात. 'कापू नका, कडेला पांढरं सोडा' असं सांगा, नाहीतर शूट करतानाच मोबाईलमध्ये ३:२ असेल तर ते लावा. मॅट कागद घ्या, चकचकीतवर बोटांचे ठसे उठतात. आणि फायली व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, पेनड्राइव्हने द्या. साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो लहान करतं. ४×६ ला फरक दिसणार नाही, १२×१८ ला लगेच दिसतो.

रानवाटा_जळगाव
नोंद केली. धुळेकरीण ताई, सायनोटाइपला केळीचं पान चालेल का?

धुळेकरीण
अख्खं नाही, जाड असतं, आरपार उजेड जात नाही, नुसता पांढरा पट्टा येईल. फाटलेल्या कडेचा तुकडा घ्या, झालर छान उमटते. आदल्या रात्री वहीत दाबून ठेवा, ताज्या पानाचं पाणी काचेखाली कागदाला लागतं. तुरीची डहाळी सगळ्यात चांगली येते.

भरीतभाकर
तुरीच्या शेंगा असतील तर डहाळीसकट आणा. उकडून मीठ लावून. फोटो तुम्ही काढा.